कंदिलाच्या उजेडातली चित्रं

पाहुणे गेल्यावर खोली आवरताना तुम्हा-आम्हाला काय सापडतं? विसरलेला कंगवा, अर्धी साबणाची वडी. क्लेमेंटाइन हंटरला सापडल्या रंगांच्या अर्धवट पिळलेल्या नळ्या.

ही गोष्ट १९३९-४० च्या सुमाराची. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात केन नदीकाठी मेलरोज नावाचा मोठा मळा आहे. मालकीणबाईंना कलावंतांची भारी हौस, त्यामुळे चित्रकार, लेखक महिनोन्‌महिने मुक्कामाला असत. त्यांचा स्वयंपाक आणि धुणं करणारी ही काळी बाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती. तिच्या आजीनं गुलामगिरी भोगलेली. ती स्वतः लहानपणापासून कापूस वेचत आलेली, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेली; लिहिता-वाचता शेवटपर्यंत आलं नाही. ‘या रंगांनी मीही एक चित्र काढीन म्हणते,’ असं तिनं मळ्यावर राहणाऱ्या फ्रान्स्वा मिन्योंना सांगितलं. त्यांनी खिडकीचा एक जुना पडदा पुढे केला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बाई चित्र घेऊन दारात हजर! अशी हकिगत सांगतात.

आता तुम्ही म्हणाल, मोलकरणीला वेळ कुठला? (मला तर दोन माणसांच्या स्वयंपाकातून पेपर वाचायला होत नाही.) तिच्यापाशी रात्र होती. दिवसभराचं काम आटोपलं, घरचं झालं, अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची शुश्रूषा झाली, की ती रॉकेलच्या कंदिलाशी बसे. नवरा म्हणे, ‘झोप आता, वेडी होशील.’ तिचं उत्तर, डोक्यातलं चित्र बाहेर पडलं नाही तरच वेडी होईन. पुठ्ठा, फळी, बाटली, वाळका भोपळा, जे हाती येईल त्यावर ती रंगवी. १९४४ मध्ये नवरा गेला. चित्रं थांबली नाहीत.

आणि काढलं काय? कापसाची वेचणी, धुण्याच्या कढया, नदीतला बाप्तिस्मा, लग्न, मयत, शनिवार रात्रीची मारामारी. झिनियाची फुलं तर किती! मळ्याचा इतिहास मालकांच्या कागदपत्रांत होता; राबणाऱ्यांचा तिच्या डोक्यात होता, तो तिनं मांडला. तिचे देवदूत काळे आहेत. पुरुष पुष्कळदा बायकांपेक्षा लहान काढलेले असतात, हे पाहून मला तरी हसू आलं.

घराबाहेर तिनं पाटी लावली होती: चित्रं पाहायला पंचवीस सेंट.

१९५५ साली जवळच्या नॅकटिश गावातल्या कॉलेजात तिच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. चित्रं भिंतीवर लागली, पण चित्रकर्तीला आत प्रवेश नाही! कॉलेज गोऱ्यांचं, आणि ही काळी. शेवटी दालन बंद असताना एकांनी तिला हळूच आत नेलं, तेव्हा कुठे तिनं स्वतःची चित्रं भिंतीवर लागलेली पाहिली. तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती. मनात काय आलं असेल हो तिच्या?

त्याच वर्षी मेलरोजवरच्या ‘आफ्रिकन हाउस’ या जुन्या इमारतीसाठी तिनं प्लायवूडच्या मोठमोठ्या फळ्यांवर नदीकाठचं सगळं जीवन रंगवलं. तो मळा मुळात उभारला मेत्वाये घराण्यानं. त्या घराण्याची आई मारी तेरेझ क्वांक्वां हीही गुलामीतून सुटलेली काळी बाई, आणि तिचे आईबाप आफ्रिकेतून आणलेले. त्यांच्याच वास्तूत ही चित्रं गेली.

कॉलेजचं पुढे विद्यापीठ झालं. त्यानं १९८६ मध्ये क्लेमेंटाइनला सन्माननीय डॉक्टरेट दिली. १ जानेवारी १९८८ ला एकशे एक वर्षांची होऊन ती गेली. तोवर पंचवीस सेंटांची चित्रं हजारो डॉलरांवर पोचली होती. मग नकलाही आल्याच! खोटी चित्रं विकल्याचा गुन्हा २०११ मध्ये एकानं न्यायालयात कबूल केला. तिची सही म्हणजे फक्त दोन अक्षरं, त्यातला ‘सी’ उलटा. तो उलटा ‘सी’सुद्धा त्यानं गिरवला होता.