जंगल कोणी तोडले? : बालकांच्या ॲनिमेशनपटांतील पर्यावरणविषयक संदेश

पुढील तीन वाक्ये सावकाश वाचा. 'ठेकेदाराने झाडे तोडली.' 'झाडे तोडली गेली.' 'जंगल नाहीसे झाले.' पहिल्या वाक्यात कर्ता समोर उभा आहे. दुसऱ्यात तो गाळलेला असला, तरी तोडणारा कोणीतरी होता हे क्रियापद सांगते. तिसऱ्यात मात्र जंगल जणू आपोआपच नाहीसे झाले. (येथे प्रयोगांच्या नावांत शिरू नये, पहिले वाक्यही कर्मणी प्रयोगाचेच आहे, हे आठवले तर गोंधळ वाढेल.) बालकांसाठी निघालेल्या ॲनिमेशनपटांना हाच व्याकरणाचा प्रश्न विचारता येतो. 'निसर्ग वाचवा' हा संदेश त्यांत बहुधा सारखाच असतो व तो शोधण्यास फारसे कौशल्य लागत नाही. ऱ्हासाचा कर्ता म्हणून कोणाला उभे केले आहे, हे पाहू लागलो की चित्रपटांतील फरक दिसू लागतात.

१९९२ च्या 'फर्नगली' या चित्रपटात ऑस्ट्रेलियातील वर्षावन आहे. झाडे तोडणारे यंत्र माणसेच चालवतात. पण खरा खलनायक आहे हेक्सस ही प्रदूषणावर पोसणारी दुष्ट शक्ती. ती एका झाडात कोंडलेली असते आणि ते झाड कापले जाताच सुटते. शेवटी तिला पुन्हा कोंडले जाते आणि बालप्रेक्षक निश्चिंत होतो. लाकूड कोणाला हवे होते, हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

'वॉल-ई' (२००८) या अँड्र्यू स्टँटन यांच्या चित्रपटाच्या सुरुवातीच्या भागात संवाद जवळजवळ नाहीतच. ओसाड पृथ्वीवर एक यंत्रमानव कचऱ्याचे ठोकळे रचत असतो आणि सभोवती 'बाय एन लार्ज' या काल्पनिक कंपनीचे फलक दिसत राहतात. कर्त्याचे नाव येथे वाक्यात नव्हे, जाहिरातीत लिहिलेले आहे. पुढे अंतराळयानात खुर्च्यांवर पहुडलेली माणसे दिसतात, तेव्हा विकणाऱ्याच्या जोडीला घेणाराही कर्ता ठरतो. अर्थात, अशा चित्रपटांबरोबर त्यांतील पात्रांची प्लास्टिकची खेळणी बाजारात येतात, हेही आपण विसरू नये.

निखिल अडवाणी यांचा 'दिल्ली सफारी' (२०१२) आपल्या अधिक जवळचा आहे. मुंबईचे जंगल तोडण्यासाठी बुलडोझर येतात, बिबट्याच्या पिल्लाचा बाप मारला जातो आणि प्राणी दाद मागण्यासाठी दिल्लीस निघतात. 'पंचतंत्रा'तील प्राणी सहज बोलतात. येथील प्राणी आपसांत बोलतात, पण माणसांना ते कळत नाही. म्हणून माणसाची भाषा अवगत असलेल्या पोपटाला बरोबर घ्यावे लागते. अन्याय झालेल्याला दुभाषी शोधावा लागणे, ही कल्पना चित्रपटातील विनोदापेक्षा मोलाची आहे. 'लोकवस्तीत बिबट्या शिरला' हा मथळा आपल्या परिचयाचा आहे. त्यात शिरण्याच्या क्रियेचा कर्ता बिबट्या आहे. हा चित्रपट ते वाक्य उलटे करतो : बिबट्याच्या घरात वस्ती शिरली. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आजही बिबटे आहेत आणि उद्यानाच्या सीमेला इमारती भिडल्या आहेत. तेव्हा या दोनांपैकी कोणते वाक्य लिहावे, हा तेथे केवळ शैलीचा प्रश्न उरत नाही.

हायाओ मियाझाकी यांच्या 'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७) मध्ये हा प्रश्न सर्वांत अवघड होतो. स्थळ मध्ययुगीन जपान. एबोशी ही करारी स्त्री लोखंड गाळणारी वसाहत चालवते. भट्ट्यांसाठी जंगल तोडले जाते. तिच्या वसाहतीतील गोळी शरीरात रुतलेला रानडुकरांचा देव सूडाने पिसाट होतो आणि त्याच्या स्पर्शाने अशिताका या तरुणाला शाप जडतो. कर्ता सापडला, असे आपण म्हणू लागतो, तोच ही एबोशी कोण आहे ते दिसते. कुंटणखान्यांतून सोडवलेल्या स्त्रियांना तिने भात्यावर काम आणि मान दिला आहे. समाजाने टाकलेल्या कुष्ठरोग्यांच्या जखमा ती स्वतः बांधते. तिला दुष्ट म्हणावे, तर या माणसांनी जावे कोठे? लांडग्यांनी वाढवलेली सान तिचा जीव घ्यायला निघते, तिचीही बाजू खोटी नाही. मियाझाकी कर्ता लपवत नाहीत. एकाच क्रियेला ते इतके कर्ते देतात की बोट रोखणे कठीण होते. शेवटी डोंगर पुन्हा हिरवा होतो, पण वनदेवता परतत नाही. सान जंगलातच राहते व अशिताका वसाहत पुन्हा उभारायला थांबतो. लहान मुलांना हे पेलेल का, अशी शंका घेतली जाते. अगदी लहानांना यातील हिंसा पेलणार नाही, हे खरे. पण दहा-बारा वर्षांच्या मुलांना 'चूक कोणाची?' हा प्रश्न आपण समजतो त्यापेक्षा चांगला कळतो, असे माझे मत आहे.

स्वाध्याय : आपण पाहिलेल्या कोणत्याही एका ॲनिमेशनपटातील निसर्गहानीचा प्रसंग निवडा. तो प्रारंभी दिलेल्या तीन वाक्यांच्या धर्तीवर तीन प्रकारे लिहा. चित्रपटाने त्यांपैकी कोणते वाक्य स्वीकारले आहे, ते दृश्यांच्या आधारे दीडशे शब्दांत स्पष्ट करा. घरात मुले असल्यास आधी त्यांना विचारा आणि त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत नोंदवा.