आठवीतल्या नांग्या वेळेत भरा



लागणीनंतर महिन्याभरात नांग्या भरून घ्या, असे आम्ही शेतकी खात्याची माणसे दरवर्षी बांधावर येऊन सांगतो. उशिरा लावलेले रोप शेजारच्या उसाच्या सावलीत सापडते. ते जगते, पण गाळपाला येत नाही. आज हेच पोरांच्या शिक्षणाबद्दल सांगायचे आहे.

गावची शाळा चौथीला नाहीतर सातवीला संपते आणि मूल हायस्कुलात जाते. प्रत्येक विषयाला वेगळे सर, पुष्कळ ठिकाणी गणित-विज्ञान इंग्रजीतून. पहिल्या चाचणीत मार्क पडत नाहीत आणि घरात बोलणे सुरू होते, "याचं डोकंच चालत नाही." बहुतेक वेळा डोके चांगले असते, खालच्या इयत्तेतले काही राहून गेलेले असते. भागाकार आला नाही तर अपूर्णांक अडतो आणि अपूर्णांक अडला की बीजगणित अडते.

हे फक्त आपल्याच घरात नाही. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत २०२३ साली २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला दिले होते. निम्म्याहून जास्त मुलांना ते जमले नाही.

तेव्हा आधी नांग्या मोजा. घरीच तीन गोष्टी बघा :

१) पाचवीच्या मराठी पुस्तकातले एक पान मोठ्याने वाचायला लावा आणि काय कळले ते विचारा. आपल्याला वाचता येत नसले तरी ऐकता येते. मूल कुठे अडखळते ते लगेच समजते.
२) ८४६ भागिले ७ करायला सांगा. उत्तर १२०, बाकी ६. शेवटचा शून्य बरीच मुले विसरतात.
३) अर्धा आणि पाव मिळून किती, ते कागदावर मांडायला सांगा.

जिथे अडले तिथूनच सुरुवात करा, मग ती चौथीची पायरी का असेना. खालच्या इयत्तेची पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. रोज अर्धा तास, एका वेळी एकच गोष्ट. क्लासला घालण्याआधी तिथे मागचे शिकवणार का, हे विचारून घ्या. आठवीचाच धडा पुन्हा शिकवला तर पैसे गेले आणि नांगी तशीच राहिली.

सरावाला आपल्या घरातले कागद पुरेत. वजनाच्या पावतीवर भरलेली गाडी १८.२४० टन आणि रिकामी ५.६१० टन असेल, तर निव्वळ ऊस किती? १२.६३० टन. त्याला दराने गुणले की दशांशाचा गुणाकार झाला. सातबाऱ्यावरचे हेक्टर-आर वाचायला द्या. शंभर आरांचा एक हेक्टर, हे पोराला शेतावरून पटकन कळते.

सेमीच्या मुलाला एक वही करून द्या. एका बाजूला अंश, छेद, समीकरण हे मराठी शब्द आणि समोर पुस्तकातला इंग्रजी शब्द. पुष्कळदा गणित येत असते, शब्दच अडवतो.

शाळेत जाल तेव्हा "पोरगं कसं आहे?" असे विचारू नका. "नेमकं कुठं अडतंय?" असे विचारा. सर सांगतात.

आणखी एक. रात्रीच्या लायटीवर दारं धरायला नेलेलं पोर सकाळी वर्गात डुलक्या घेतं. मुलीचा अभ्यासाचा तास भांडी आणि धाकट्या भावंडांत जातो. तो अर्धा तास दोघांनाही राखून ठेवा. चारचौघांत चुलतभावाशी तुलना करून बोलू नका. एकदा मन उडाले की पुस्तक उघडत नाही.

आठवीपर्यंत नापास करायचे नाही, हे दिवसही आता राहिले नाहीत. २०२३ साली राज्यात नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झाल्यास फेरपरीक्षा मिळते. तिच्यातही राहिले तर त्याच वर्गात बसावे लागते. दहावीत गणित राहिले म्हणून शाळा सुटलेली पोरे आपण प्रत्येक गावात बघतो. ती नांगी पाच वर्षांपूर्वीचीच असते.

जूनला शाळा उघडते. दिवाळीनंतर तोडी लागल्या की घरात कुणाला सवड नसते. मधले चार महिने हाती आहेत. सभासदांनी याच आठवड्यात मुलाला जवळ बसवून ती तीन गोष्टींची परीक्षा घ्यावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते