आकाशातील एमू आणि राखेतील अंडी

ऑस्ट्रेलियाच्या राजचिन्हावर एका बाजूस कांगारू आणि दुसऱ्या बाजूस एमू उभा आहे, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. परंतु एके काळी त्या खंडात एमूहून कितीतरी अवजड असा दुसरा पक्षी वावरत होता, हे फार थोड्यांस माहीत असते. मनुष्याचे पाऊल त्या भूमीवर पडल्यानंतर काही सहस्र वर्षांत तो नष्ट झाला. एमू मात्र टिकून राहिला. एक गेला आणि दुसरा उरला, असे का व्हावे?

हिमयुगात समुद्राचे पाणी आजच्यापेक्षा पुष्कळ खाली होते आणि ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी व टास्मानिया हा सलग भूभाग होता. तरीही आग्नेय आशियाच्या बेटांकडून तेथे पोहोचण्यास खुला समुद्र ओलांडावाच लागे. ते धाडस करणाऱ्या लोकांचे वंशज म्हणजेच त्या खंडाचे मूळ रहिवासी होत. उत्तरेकडील माजेडबेबे येथील प्रस्तराश्रयातील अवशेष सुमारे ६५,००० वर्षांपूर्वीचे असल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. काही विद्वानांस ही कालगणना मान्य नाही. परंतु सुमारे ५०,००० वर्षांपूर्वी तेथे मनुष्यवस्ती होती, याविषयी फारसा वाद नाही.

या लोकांनी पाहिलेला तो महाकाय पक्षी म्हणजे गेन्योर्निस. उंची सुमारे दोन मीटर, वजन दोनशे किलोहून अधिक, आणि उडण्याची शक्ती मुळीच नाही. दिसण्यास तो शहामृगासारखा वाटला, तरी त्याचे नाते बदके, हंस व कोंबड्या यांच्याशी होते. त्याचे एक अंडे सुमारे दीड किलो वजनाचे असे.

वालुकामय प्रदेशांत या अंड्यांच्या कवचांचे असंख्य तुकडे सापडतात. त्यांतील कित्येक तुकडे एका टोकास करपलेले आणि दुसऱ्या टोकास जवळजवळ जसेच्या तसे आहेत, असे २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. रानातील वणव्याने असे होत नाही. निखाऱ्यांत अंडे भाजावयास ठेवले तरच असा फरक पडतो, असे त्यांचे म्हणणे. ही कवचे साधारणतः ५४,००० ते ४३,००० वर्षांपूर्वीची आहेत. ती दुसऱ्याच एखाद्या पक्ष्याची असावीत, अशी शंका काहींनी काढली होती. परंतु कवचांतील प्रथिनांच्या तपासणीने २०२२ मध्ये गेन्योर्निसच्याच बाजूने कौल दिला.

तेव्हा सारा दोष मनुष्याचा काय? तसेही म्हणवत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातील कॅलाबोना सरोवराच्या कोरड्या पात्रात चिखलात रुतून मेलेल्या या पक्ष्यांचे सांगाडे मिळाले आहेत, आणि त्यांपैकी काहींच्या हाडांस रोगाची बाधा झालेली आढळते. सरोवरे आटत होती, चारा कमी होत होता. कवचांतील कार्बनच्या परीक्षणावरून असे दिसते, की एमू मिळेल त्या वनस्पतींवर निभावून नेई. गेन्योर्निसला मात्र ठराविकच आहार लागे. अशा अडचणीत सापडलेल्या पक्ष्याची अंडीही चुलीत जाऊ लागली, तर पुढची पिढी यावी कोठून?

एमू आणि मूळ रहिवासी यांचा सहवास मात्र दीर्घकाळ टिकला. कामिलरोई व युआलायी या लोकांनी तर एमूला आकाशात स्थान दिले आहे. हा एमू ताऱ्यांचा नसून आकाशगंगेतील काळ्या पट्ट्यांचा आहे. त्रिशंकूजवळचा काळा डाग हे त्याचे डोके. एप्रिल-मे महिन्यांत तो धावताना दिसतो, तेव्हा विणीचा हंगाम असतो. जून-जुलैत त्याचे पाय दिसेनासे होतात आणि तो घरट्यावर बसलेल्या नरासारखा भासतो. अंडी उबविण्याचे काम नराचेच असते; सुमारे आठ आठवडे तो जवळजवळ निराहार बसून राहतो. अंडी मिळण्याचा काळ लोक या चित्रावरून ओळखीत. शिवाय महाराष्ट्रात देवक मानतात, तशी कुळचिन्हाची प्रथा तेथील अनेक जमातींत आहे, आणि पुष्कळ ठिकाणी आपल्या कुळचिन्हाचा प्राणी खाणे निषिद्ध मानतात.

याच्या उलट उदाहरण किंग व कांगारू या दोन बेटांचे. त्यांवर एमूच्या ठेंगण्या जाती होत्या आणि त्या काळी तेथे मनुष्यवस्ती नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सीलच्या शिकारीसाठी युरोपीय लोक तेथे उतरले आणि थोड्याच वर्षांत दोन्ही जाती संपल्या. निकोला बोदँ यांच्या फ्रेंच मोहिमेने काही जिवंत पक्षी फ्रान्सला नेले होते. त्यांतील शेवटचे दोन १८२२ मध्ये पॅरिस येथे मरण पावले. सहस्रावधी वर्षांपूर्वीच्या लोकांस चुलीतल्या अंड्यामागे जातीचा अंत दडला आहे, हे कळणे कठीण होते. बंदूक घेऊन उतरलेल्यांना तर ते डोळ्यांदेखत दिसत होते.

घरट्यातून अंडी वा पिले घ्यावयाची असतील तर आईस सोडून द्यावे, अशी आज्ञा तोरातील देवारीम ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात आहे. तिच्या पालनास दीर्घायुष्याचे वचन जोडलेले आहे. आई जिवंत राहिली तर पुढील वर्षी घरटे पुन्हा भरते, हा व्यवहारही त्यात आहे. नव्या देशात वस्ती करणाऱ्यास तेथील भाषा व रीत शिकावी लागते, हे आपणांस अनुभवाने माहीत आहे. तेथील पाखरांचा ऋतू ओळखणे हाही त्याच शिक्षणाचा भाग होय. एमूचे चित्र आकाशात पाहणारे लोक तो धडा शिकले होते.