अंगणातला ग्रुप फोटो

शंभर वर्षांपूर्वीच्या ग्रुप फोटोंत सगळे रागावलेले दिसतात. मला तो राग वाटत नाही. काचेच्या प्लेटा मंद असत. सावलीत लेन्सचं टोपण सेकंदभर, कधी जास्तही, काढून ठेवावं लागे. तेवढा वेळ हसू टिकत नाही. थेट उन्हात डोळे बारीक होतात, म्हणून मंडळींना ओसरीच्या सावलीत, उघड्या आभाळाकडे तोंड करून बसवत. चेहरे लेन्सपासून सारख्या अंतरावर यावेत म्हणून कडेच्या खुर्च्या किंचित पुढे ओढत. (कुंकू काळं उमटे, त्या प्लेटांना लाल रंग दिसतच नसे.)

आमच्या फोटोत आजीच्या मांडीवरच्या मुलीचा चेहरा पुसट आहे. ती वर्षभरात गेली. घरात म्हणत, फोटोतच दिसलं होतं. ती फक्त हलली होती. तिचा पाय स्वच्छ आलाय, वाळ्यासकट.