आंतरराष्ट्रीय शर्यत आणि खेळाडूचे जीवन : अविनाश साबळे यांच्या २०२२ च्या हंगामाच्या संदर्भात

प्रस्तावना

बीड जिल्ह्याची ओळख प्रामुख्याने अवर्षण आणि ऊसतोडणीसाठी होणारे हंगामी स्थलांतर या दोन बाबींनी झालेली आहे. याच जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात, मांडवा या गावी, अविनाश साबळे यांचा जन्म १९९४ साली एका शेतकरी कुटुंबात झाला. ६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत रौप्यपदक मिळविले. त्यासाठी त्यांना ८ मिनिटे ११.२० सेकंद लागले. या आठ मिनिटांची दखल सर्वत्र घेतली गेली. परंतु त्यांच्या आगेमागे खेळाडूचे जीवन कसे असते, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तोच विचार केला आहे.

शर्यतीचे स्वरूप

स्टीपलचेसमध्ये धावपटूला २८ अडथळे आणि पाण्याचे ७ अडथळे ओलांडावे लागतात. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते. साध्या अडथळा शर्यतीतील अडथळा पाय लागल्यास पडतो. येथील जड लाकडी तुळई मात्र जागची हलत नाही, धावपटूच पडतो. त्यामुळे या प्रकारात दमछाक सोसण्याच्या शक्तीइतकेच, थकलेल्या अवस्थेत पाऊल अचूक टाकण्याचे कौशल्य महत्त्वाचे ठरते.

१९९८ ते २०१८ या काळातील सर्व राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाकडेच गेली होती. साबळे यांनी ही परंपरा खंडित केली. विजेते अब्राहम किबिवोट आणि त्यांच्यामध्ये केवळ ०.०५ सेकंदाचे, म्हणजे सुमारे एका फुटाचे अंतर होते.

हंगामाची आखणी

हे यश एका दिवसाचे नव्हते. मे २०२२ मध्ये साबळे यांनी अमेरिकेत ५००० मीटर शर्यतीत १३ मिनिटे २५.६५ सेकंद अशी वेळ नोंदवून बहादूर प्रसाद यांचा १९९२ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. जूनमध्ये रबात येथील डायमंड लीगमध्ये त्यांनी स्टीपलचेसची वेळ ८ मिनिटे १२.४८ सेकंदांवर आणली. जुलैमध्ये अमेरिकेतील युजीन येथे जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी झाली. ती आरंभापासून संथ राहिली. साबळे ८ मिनिटे ३१.७५ सेकंदांत अकरावे आले. संथ शर्यतीत अखेरच्या फेरीतील वेगवान धाव निर्णायक ठरते आणि सातत्याने जलद धावणाऱ्याच्या क्षमतेला वाव राहत नाही. बर्मिंगहॅमची शर्यत जलद झाली. अकरावा क्रमांक आणि रौप्यपदक यांत अवघ्या १९ दिवसांचे अंतर होते. या दिवसांत मुख्यतः शरीर ताजे राखणे आणि अपयश मनातून काढणे एवढेच शक्य असते. पाया त्यापूर्वीच घातलेला असावा लागतो.

हा पाया घालण्यासाठी साबळे यांनी अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे सराव केला. हे शहर समुद्रसपाटीपासून १८०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. विरळ हवेत प्राणवायू कमी मिळतो. त्याची भरपाई करण्यासाठी शरीर काही आठवड्यांत रक्तातील तांबड्या पेशी वाढविते. खाली उतरल्यावर काही काळ त्याचा लाभ मिळतो. म्हणून सराव शिबिर कधी संपवावे, याचा हिशेब शर्यतीच्या तारखेवरून मागे मोजून केला जातो.

दैनंदिन शिस्त

नोंदणीकृत चाचणी यादीतील आंतरराष्ट्रीय खेळाडूला उत्तेजक द्रव्य चाचणीसाठी वर्षभर दररोज एक तास आपण कोठे असू, हे आगाऊ कळवावे लागते. बारा महिन्यांत अशा तीन चुका झाल्यास बंदी येऊ शकते. सर्दीवरील साधे औषधही विचारून घ्यावे लागते. शर्यत संपताच पदक विजेत्याला चाचणीसाठी नमुना द्यावा लागतो. सण, लग्नकार्य, गावची जत्रा या गोष्टी सरावाच्या वेळापत्रकात बसल्या तरच घडतात. दुखापतीचे भय तर सतत असते. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत पडून साबळे यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि त्या वर्षीच्या टोकियो जागतिक स्पर्धेस त्यांना मुकावे लागले.

घडणीचा मार्ग

येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावी लागते. बारावीनंतर साबळे भारतीय सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. सियाचीन, राजस्थान आणि सिक्कीम येथे त्यांनी सेवा केली. स्पर्धात्मक धावण्यास त्यांनी २०१५ मध्ये, सैन्यातील क्रॉसकंट्री स्पर्धेपासून सुरुवात केली. तेव्हा ते विशीत होते. पुढे अमरीश कुमार यांच्या मार्गदर्शनाखाली ते स्टीपलचेसकडे वळले आणि २०१८ मध्ये गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम त्यांनी मोडला. वेतन, आहार, प्रशिक्षक आणि सरावासाठी वेळ या चारही गोष्टी त्यांना सैन्याने पुरविल्या. 

समारोप

साबळे यांनी २०२३ मध्ये हांगझोऊ येथे आशियाई सुवर्णपदक जिंकले आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. हे यश जिल्ह्यास भूषणावह आहे. पण शिक्षणसंस्थांना ते प्रश्नही विचारते. दररोज मैलोन्‌मैल चालत किंवा सायकलीवरून येणारी मुले-मुली प्रत्येक ग्रामीण महाविद्यालयात आहेत. प्रथम वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांच्या धावण्याच्या वेळा दरवर्षी नोंदवून ठेवणे, होतकरू विद्यार्थ्यांची माहिती जिल्हा संघटनेस कळविणे आणि स्पर्धेच्या काळात उपस्थिती व अंतर्गत परीक्षांबाबत सवलत देणे, यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. एक घड्याळ, मोजलेले मैदान आणि जपून ठेवलेली वही एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.