घरी बसून पदवी घेणारी मुलं



ऊसनोंदीसाठी गटांतून फिरताना आम्हाला हल्ली एक गोष्ट वरचेवर दिसते. घरात मुलगा किंवा सून ऑनलाइन पदवीचा अभ्यास करीत असते आणि घरची म्हणतात, "घरीच तर आहे की!" मग रात्रीची लाईट आली की दारं धरायला तोच, आणि सकाळी डेअरीला दूध घालायलाही तोच.

ही पदवी हलकी नव्हे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले ते अशाच शिकणाऱ्यांसाठी. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. मान्यता मात्र फी भरण्याआधी आयोगाच्या यादीत पाहावी. तोंडी शब्दावर आपण बेणंसुद्धा घेत नाही.

धडे मोबाईलवर सवडीने ऐकता येतात, पण स्वाध्याय तारखेलाच द्यावे लागतात. खरी अडचण सोबतीची आहे. कॉलेजात शेजारच्याला विचारता येतं. इथं एकटं पोर अडलं की हळूच पुस्तक मिटतं. म्हणून अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र असेल तर ते चुकवू देऊ नये. लांबच्या विद्यापीठात नाव घातलेल्यांनी निदान गावातले दोघं-तिघं मिळून बसावं, विषय वेगळे असले तरी. गट ऑफिसची खोली संध्याकाळी रिकामी असते. मुलांनी मागितली तर आमची ना नाही.

आणि परीक्षेच्या आठवड्यात रात्रीचं पाणी थोरल्यांनी धरावं.