एकरकमी किंमत की मासिक वर्गणी?

घरातील दिवे, पंखे व कुलपे भ्रमणध्वनीवरून चालविणारी यंत्रे आता परिचयाची होत आहेत. यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते. परंतु त्यासोबतच्या ॲपमागे बहुधा कंपनीचा सर्व्हर अहोरात्र चालू असतो व त्याचा खर्च संपत नाही. हा खर्च कोणी सोसावयाचा, हा किंमत-निश्चितीतील मूळ प्रश्न होय.

या दृष्टीने अमेरिकेतील अनुभव उद्बोधक आहे. 'रिव्हॉल्व्ह' हे नियंत्रक यंत्र २९९ डॉलरना, आजीवन सेवेसह विकले गेले. २०१४ मध्ये 'नेस्ट'ने ती कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद होताच यंत्र निरुपयोगी ठरले. 'विंक'ची सेवा आरंभी विनामूल्य होती. २०२० मध्ये तिला दरमहा ४.९९ डॉलर वर्गणी लागू झाली. एकदाच घेतलेली किंमत दीर्घकालीन सेवेची हमी देत नाही, हे दोन्ही उदाहरणांवरून दिसून येते.

याउलट, २०१३ मध्ये आरंभ झालेले 'होम असिस्टंट' विनामूल्य असून घरातीलच संगणकावर चालते. घराबाहेरून सुलभ जोडणी हवी असणाऱ्यांसाठी 'नाबू कासा' कंपनीची ऐच्छिक वर्गणी आहे व तिच्यातून विकासकार्याचा खर्च भागविला जातो. वर्गणी थांबली, तरी घरातील दिवे लागतातच.

सबब, खरेदीपूर्वी ग्राहकाने दोन प्रश्न अवश्य विचारावेत: वर्गणी नेमक्या कोणत्या सेवेसाठी आहे, आणि ती सेवा थांबल्यास यंत्र चालू राहील काय?